दुसऱ्याच्या सुट्टीचा करार विकत घेताना

२०२५ सालच्या फेब्रुवारीतील गोष्ट. माझे एक जुने स्नेही सकाळीच घरी आले. बँकेत तीस वर्षे नोकरी करून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले, दुसऱ्यांच्या कर्जाची कागदपत्रे ओळ न् ओळ वाचण्यात आयुष्य घालवलेले हे गृहस्थ. त्यांच्या हातात संगणकावरून छापून घेतलेला एक कागद होता. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळावरची ती जाहिरात होती. 'नामांकित हॉलिडे क्लबचे सदस्यत्व विकणे आहे. वर्षातून सात रात्री, एका शयनगृहाचा फ्लॅट, गर्दीचा हंगाम, १५ वर्षे शिल्लक. मूळ किंमत सव्वातीन लाख, अपेक्षा सव्वा लाख.' विक्रेत्याशी त्यांचे फोनवर बोलणे झाले होते. माणूस मराठी, सुशिक्षित, बोलण्यात अदबशीर. आणखी दोघे ग्राहक रांगेत आहेत, तेव्हा पंचवीस हजार इसार आज पाठवला तर व्यवहार तुमच्यासाठी राखून ठेवतो, असे त्याने सांगितले होते. स्नेह्यांनी भ्रमणध्वनी खिशातून काढलाच होता. तेवढ्यात, पाठवण्यापूर्वी एकदा तुमच्या कानावर घालावे, असे त्यांच्या मनात आले आणि ते आले.

त्यांना ही खरेदी का करावीशी वाटली, हे आधी सांगितले पाहिजे. नाही तर वाचकांना तो केवळ लोभ वाटेल. कोकणातले त्यांचे घर वाटणीत गेले. एक मुलगा पुण्यात, दुसरा हैदराबादेत, मुलगी नाशिकला. गणपतीत सारे कुटुंब एका पंगतीला बसत असे, ते थांबून आता सात-आठ वर्षे झाली. वर्षातून एक आठवडा सहा मोठी माणसे आणि चार नातवंडे एका छपराखाली राहावीत, इतकीच त्यांची इच्छा. जुन्या पिढीला यासाठी काही विकत घ्यावे लागत नव्हते. मामाचा गाव होता, आजोळ होते, तीर्थक्षेत्री भक्तनिवास होता. आता आजोळच सदनिकेत राहायला आले, तेव्हा एकत्र येण्यासाठी जागा भाड्याने किंवा विकत घ्यावी लागते, यात त्या गृहस्थांचा दोष तो काय?

ज्याला टाइमशेअर म्हणतात ती कल्पना परदेशातली. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली 'हापिमाग' ही संस्था निघाली, तेव्हापासून युरोपात तिचा प्रसार झाला. एका घराची मालकी एकाला परवडत नसेल तर वर्षाचे आठवडे वाटून घ्यावेत, हे तिचे सूत्र. भारतात स्टर्लिंग ही कंपनी १९८६ मध्ये स्थापन झाली आणि महिंद्र समूहाने १९९६ मध्ये या क्षेत्रात पाऊल टाकले. सुरुवातीच्या काळात ९९ वर्षांचे करारही विकले गेले. पुढे २५ वर्षांची मुदत सर्वसाधारणपणे रूढ झाली. पेट्रोलपंपावर किंवा मॉलच्या दारात एक कुपन भरायचे, मग चार दिवसांनी 'आपण भाग्यवान विजेते' असा फोन यायचा, पती-पत्नी दोघांनीही येणे आवश्यक असे आवर्जून बजावले जायचे, आणि वातानुकूलित दालनात चहा-बिस्किटांसह दोन-अडीच तासांचा मारा व्हायचा, हा अनुभव पुण्या-मुंबईच्या किती तरी घरांना असेल. गोव्यात कलंगुट-बागाच्या रस्त्यावर परदेशी पर्यटकांच्या हाती स्क्रॅच कार्ड देऊन हेच चालत असे. निर्णय आजच्या आज घ्या, उद्या हा दर राहणार नाही, हा त्या माऱ्यातला शेवटचा बाण.

अशा रीतीने घेतलेली सदस्यत्वे आज मोठ्या संख्येने घराघरांत पडून आहेत. मुले परदेशी गेली, गुडघे दुखू लागले, जोडीदार गेला. आणि वार्षिक शुल्काचे बिल मात्र दरवर्षी न चुकता येते. मग कोणी तरी नातू सुचवतो, की आजोबा, नेटवर टाका, विकले जाईल. पुनर्विक्रीचा बाजार उभा राहिला तो असा. माझा या बाजाराला विरोध नाही. उलट, ज्याला असे सदस्यत्व घ्यायचेच आहे त्याने नवे घेण्यापेक्षा जुने घेणे पुष्कळदा शहाणपणाचे, असेच मी म्हणेन. पहिल्या ग्राहकाच्या पैशातून विक्रेत्यांची दलाली, त्या चहा-बिस्किटांचा आणि भेटवस्तूंचा खर्च भागलेला असतो. दुसऱ्याने तो पुन्हा का द्यावा? अमेरिकेत तर अशी सदस्यत्वे लिलावाच्या संकेतस्थळावर एका डॉलरलाही मांडलेली आढळतात. पण विकणारा एका डॉलरला का देतो, हा प्रश्न घेणाऱ्याने विचारला पाहिजे. तो वस्तू विकत नसतो, ओझे उतरवत असतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागेल. जुनी दुचाकी घेताना आपण वस्तू घेतो. इंजिनचा आवाज ऐकतो, टायर पाहतो. टाइमशेअरमध्ये आपल्याकडे बहुतेक वेळा हाती येते ती जमीनही नसते आणि भिंतही नसते. येतो तो एक करार, तोही दुसऱ्याने, काही वर्षांपूर्वी, तिसऱ्याशी केलेला. त्यात हक्क आहे तसे दायित्वही आहे. कराराच्या कायद्याचे तत्त्व असे, की हक्क दुसऱ्याला देता येतो, पण दायित्व समोरच्या पक्षाच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या गळ्यात टाकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये खर्दा कंपनीच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. म्हणजेच, विक्रेत्याने आपल्याला स्टॅम्पपेपरवर सही करून दिली, पैसे बँकेतून रीतसर गेले, दोघांनी हस्तांदोलन केले, तरी कंपनीच्या दप्तरात नाव बदलेपर्यंत आपण कोणीच नसतो. मे महिन्यात मुलाबाळांसह महाबळेश्वरला जाऊन उभे राहिलो, तर स्वागतकक्षातील मुलगी मूळ सदस्याचेच नाव विचारणार.

स्नेह्यांना मी एवढेच म्हटले, की इसार देण्यापूर्वी मूळ कराराची प्रत आणि शेवटच्या वार्षिक शुल्काची पावती मागवा. बँकेतल्या माणसाला हे मी सांगावे, याचे त्यांनाच हसू आले. कर्जदाराच्या सातबाऱ्यावर तीन पिढ्यांच्या नोंदी तपासणारा माणूस सहलीच्या चित्रापुढे विरघळतो. यात नवल नाही. ज्या खरेदीत आपले प्रेम गुंतलेले असते, तेथे आपली व्यावसायिक शिस्त आपण दाराबाहेर काढून ठेवतो.

कागद येईपर्यंत आम्ही जाहिरातीतले आकडे घेऊन हिशेब मांडला. किंमत सव्वा लाख. हस्तांतरण शुल्क म्हणून कंपनी पंधरा हजार घेते, असे विक्रेत्याने सांगितले होते. वार्षिक शुल्क करांसह बावीस हजार. पंधरा वर्षे धरली तर तीन लाख तीस हजार केवळ वार्षिक शुल्काचे. एकूण चार लाख सत्तर हजार. पंधरा आठवड्यांच्या एकशे पाच रात्री. रात्रीला सुमारे चार हजार चारशे ऐंशी रुपये. जेवणखाण, प्रवास निराळा. शुल्क दरवर्षी वाढते, ते यात धरलेलेच नाही. स्नेही म्हणाले, 'म्हणजे फुकट नाही!' सव्वा लाखात पंधरा वर्षांच्या सुट्ट्या, असे जे जाहिरात वाचताना वाटते, ते वार्षिक शुल्काचा आकडा न दिसल्यामुळे वाटते. जाहिरातीत तो आकडा नव्हताच, विचारल्यावर कळला.

शिवाय सात रात्रींचा हक्क म्हणजे हव्या त्या सात रात्री नव्हेत. दिवाळी आणि मे महिना हे दिवस सगळ्याच मध्यमवर्गाला हवे असतात आणि खोल्या मोजक्याच असतात. महिनोन्महिने आधी आरक्षण करणाऱ्याला मिळते, उरलेल्यांना प्रतीक्षा यादी. रंगांनी ओळखल्या जाणाऱ्या हंगामांत स्वस्त सदस्यत्व बहुधा पावसाळ्याचे किंवा शाळा-परीक्षांच्या दिवसांचे असते. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतात, पण किती आणि कुठवर, हे त्या त्या करारात पाहावे लागते. पहिल्या सदस्याला दिलेल्या सवलती, परदेशातील निवासस्थानांशी अदलाबदलीची सोय, या गोष्टी दुसऱ्या सदस्याकडे आपोआप जातातच असे नाही. विक्रेता त्या सांगतो, कारण त्याला त्या मिळाल्या होत्या. तो खोटे बोलत नसतो.

खोटे बोलणाऱ्यांची जात वेगळी आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे. या बाजारात घेणारा आणि विकणारा दोघेही लुबाडले जातात. विकणाऱ्याचे असे होते, की जाहिरात टाकल्यावर दोन दिवसांत एखाद्या 'एजन्सी'चा फोन येतो. आपल्या सदस्यत्वाला ग्राहक तयार आहे, किंमतही मागितली त्याहून अधिक, केवळ नोंदणीचे किंवा कराचे बारा-पंधरा हजार आधी भरा. ते भरले की आणखी एक शुल्क निघते. ग्राहक कधीच नसतो. अमेरिकेत या प्रकाराने किती मोठे रूप धारण केले, ते जुलै २०२४ मध्ये तेथील अर्थखाते आणि एफबीआय यांनी काढलेल्या इशाऱ्यावरून दिसते. मेक्सिकोतील टाइमशेअर असलेल्या अमेरिकी नागरिकांना अशाच खोट्या ग्राहकांच्या आशेने नागवणाऱ्या टोळ्यांमागे अमली पदार्थांचा व्यापार करणारी हालिस्को टोळी आहे, असे त्यात म्हटले आहे. २०१९ ते २०२३ या काळात सुमारे सहा हजार लोकांनी जवळजवळ ३० कोटी डॉलर गमावल्याच्या तक्रारी नोंदवल्या. बळी पडलेल्यांत बहुसंख्य वृद्ध. ज्यांची मुले अमेरिकेत स्थायिक आहेत आणि तेथे अशी सदस्यत्वे घेऊन बसली आहेत, अशा येथील आई-वडिलांनी पुढच्या फोनवर त्यांच्या कानावर ही गोष्ट अवश्य घालावी.

घेणाऱ्याला फसवण्याची रीत आपल्याकडे ओळखीची झाली आहे. जाहिरात देणारा स्वतःला सैन्यातला अधिकारी म्हणवतो, बदली झाल्यामुळे घाईने विकतो आहे असे सांगतो, गणवेशातले छायाचित्र आणि ओळखपत्र पाठवतो. छायाचित्र दुसऱ्याच कोणा खऱ्या जवानाचे चोरलेले असते. जुनी मोटार, घरातले फर्निचर, भाड्याचे घर, सगळ्याच व्यवहारांत ही युक्ती वापरली गेली आहे. गणवेश पाहिला की आपला हात आपोआप नमस्काराला जातो आणि शंका विचारणे हा त्या गणवेशाचा अपमान वाटतो. आपल्या वाचकांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. आपल्या मनातल्या सर्वांत चांगल्या भावनेवर नेम धरणारा हा चोर आहे. म्हणून तो खिसेकापूपेक्षा मला अधिक हीन वाटतो. दुसरी युक्ती चौकोनी ठिपक्यांच्या त्या चित्राची. 'हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील,' असे सांगितले जाते. पैसे घेण्यासाठी गुप्तांक कधीच घालावा लागत नाही. तो घातला की पैसे जातात, येत नाहीत. कंपनीचा दूरध्वनी क्रमांक जाहिरातदाराकडून घेणे किंवा इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो फिरवणे हेही तितकेच धोक्याचे, कारण ग्राहकसेवेचे खोटे क्रमांक पेरून ठेवलेले असतात. क्रमांक घ्यावा तो छापील करारावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा. आणि पैसे गेलेच, तर लाजेपायी रात्रभर गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

जाहिरातीत 'गुंतवणूक म्हणून उत्तम' असे शब्द दिसले, तर कागद तेथेच बाजूला ठेवावा. सुट्टीचा हक्क आणि मुदतठेव यांची सरमिसळ केल्याचे परिणाम महाराष्ट्राने भोगले आहेत. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जने हॉटेलातील रात्रींच्या नावाखाली ५१ लाखांहून अधिक लोकांकडून पैसे गोळा केले. ही अनधिकृत सामूहिक गुंतवणूक योजना आहे असे ठरवून २९ फेब्रुवारी २०१६ रोजी सेबीने ७,०३५ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. पैसे भरणाऱ्या किती जणांना त्या हॉटेलात खरोखर झोपायचे होते? बहुतेकांना मुदतीअंती मिळणारी रक्कम हवी होती आणि ती विकणारा एजंट शेजारचा, ओळखीचा, विश्वासातला होता. टाइमशेअर वर्षागणिक संपत जाणारी गोष्ट आहे. तिची किंमत वाढेल असे सांगणारा एक तर अडाणी असतो, नाही तर लबाड.

युरोपीय महासंघाने २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअरच्या ग्राहकाला चौदा दिवसांत करार मोडण्याची मुभा दिली आणि पुनर्विक्री करून देणाऱ्या दलालाने विक्री प्रत्यक्ष होण्यापूर्वी एक पैसाही घेऊ नये असे बंधन घातले. आपल्याकडे या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्याखाली कंपनीविरुद्ध किंवा पैसे घेऊन सेवा देणाऱ्या दलालाविरुद्ध आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत, दाद मागता येते. परंतु स्वतःचे एकुलते एक सदस्यत्व विकणारा गृहस्थ व्यापारी नसतो. त्याने चुकीची माहिती दिली, तर ग्राहक आयोगाचे दार सहसा उघडत नाही. दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. सव्वा लाखासाठी ती कोण चढेल? संसदेने या विषयाकडे लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. निदान पुनर्विक्रीच्या वेळी शिल्लक वर्षे, थकबाकी आणि चालू शुल्क यांचा दाखला ठरावीक दिवसांत देणे कंपन्यांवर बंधनकारक करायला कोणाची हरकत असावी?

आता स्नेह्यांच्या व्यवहाराकडे वळू. तिसऱ्या दिवशी कागद आले. विक्रेता फसवा नव्हता. तो बंगळुरात नोकरी करणारा मुलगा होता आणि सदस्यत्व त्याच्या दिवंगत वडिलांच्या नावावर होते. आई नाशिकला एकटी राहते. वडिलांच्या पश्चात नाव बदलून घेण्याचे कोणाला सुचले नव्हते. करार २००९ चा, मुदत पंचवीस वर्षे. म्हणजे २०३४ ला संपणारा. मग पंधरा वर्षे कुठून आली? वडिलांनी २०१५ मध्ये जादा पैसे भरून लहान खोलीऐवजी मोठा फ्लॅट घेतला होता आणि मुलाने पंचवीस वर्षे त्या पावतीपासून मोजली होती. मुदत मात्र वाढली नव्हती, हे त्याच पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले होते. शेवटची दोन वर्षे वार्षिक शुल्क भरलेले नव्हते. चव्वेचाळीस हजारांची ही थकबाकी, शिवाय व्याज, भरल्यावाचून कंपनी आरक्षणही देणार नव्हती आणि हस्तांतरणही करणार नव्हती.

हिशेब पुन्हा मांडला. सव्वा लाख, पंधरा हजार, थकबाकी चव्वेचाळीस हजार आणि नऊ वर्षांचे शुल्क एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. मिळून तीन लाख ब्याऐंशी हजार. त्रेसष्ट रात्री. रात्रीला सहा हजारांवर. नऊपैकी तीन वर्षे मनासारखे आरक्षण मिळाले नाही असे धरले, तर नऊ हजारांवर. स्नेह्यांनी तो कागद घडी घालून ठेवला आणि त्या मुलाला फोन केला. रागावले नाहीत. उलट, वारसाची नोंद कशी करायची, कंपनीला पत्र काय लिहायचे, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती कशी जोडायची, हे बँकेतल्या सवयीने त्याला अर्धा तास समजावून सांगितले. मुलाने जाहिरात त्याच दिवशी काढून टाकली. 'काका, मला खरेच माहीत नव्हते,' असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि ते खरे होते. पंचवीस हजारांचा इसार त्या दिवशी गेला असता, तर ज्यांच्यात कोणीच लबाड नाही अशा दोन कुटुंबांत वर्षभर तंटा चालला असता.

थकबाकी मुलाने भरायची, आईचे नाव आधी लागायचे, आणि त्यानंतर साठ हजारांना, कंपनीचे हस्तांतरणाचे पत्र हाती आल्यावरच पूर्ण रक्कम द्यायची, असे दोघांत ठरले. मे महिना तोपर्यंत हातचा गेला. तेव्हा स्नेह्यांनी हर्णैजवळ एका घरगुती निवासाच्या चार खोल्या आठवड्यासाठी घेतल्या आणि सगळी मंडळी तेथे जमली. नातवंडांनी पहिल्यांदाच विहिरीचे पाणी शेंदले म्हणे. नाशिकची कागदपत्रे पुढे सरकत आहेत, असे ते परवा सांगत होते. पुढे काय करायचे, हे कंपनीचे पत्र आल्यावर ठरवणार आहेत. सूनबाईंचे मत मात्र पुन्हा हर्णैलाच जाऊ या, असे पडले आहे.